पावणेनऊ टक्के

नेरूळहून उरणची लोकल पकडा. दुपारची, कमी गर्दीची. सीवूड्सच्या मॉलच्या पोटातून गाडी बाहेर पडते, खाडी ओलांडते आणि दोन्ही अंगांना तोच तो देखावा सुरू होतो. उंच इमारती, कुठेच न पोचणारे रुंद रस्ते, मधेच पाणथळ, त्यात उभे बगळे. बामणडोंगरी गेलं की उठून दाराशी या. खारकोपरला उतरायचं आहे.

नावातच खार आहे, म्हणजे जमीन मुळात समुद्राची. स्थानकाबाहेर पडा आणि डांबर संपून खारफुटी सुरू होते तिथपर्यंत चालत जा. ओहोटी असली तर चिखलात निवट्या उड्या मारत असतील. बूट काढा. काढाच, जिथे जायचं आहे तिथे बूट टिकत नाही.

पहिलं पाऊल पोटरीपर्यंत आत जातं. दुसरं गुडघ्यापर्यंत. तिसरं उचलता तेव्हा पाठीमागच्या इमारती नाहीशा झालेल्या असतात, पाऊस कोसळत असतो आणि कुणीतरी ओरडत असतं, "पानी आला रे, उघारी पार!"

साल १९२८. श्रावण. इकडच्या बोलीत ळ आणि ड यांचा र होतो आणि ण चा न, एवढं कानाला लावून घेतलंत की पुढचं समजेल. उघारी म्हणजे उघाडी, समुद्राच्या बांधातलं लाकडी दार. ओहोटीला ती उघडायची, शेतातलं पावसाचं पाणी बाहेर काढायचं. भरतीला बंद करायची, नाहीतर खारं पाणी आत. आज उघाडी वेळेत पडली, पण शंभर हातांवर बांधाला खांड पडली आहे आणि समुद्र त्यातून आत घुसतो आहे. तुम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारत नाही. डोक्यावर चिखलाची पाटी येते आणि तुम्ही रांगेत असता.

लुगडी गुडघ्यावर खोचलेल्या बायका, लंगोट्यातले पुरुष, दहा-बारा वर्षांची पोरं. घरटी एक माणूस आलाच पाहिजे, हा नियम. पलीकडे अलिबागच्या बाजूला या व्यवस्थेला जोळ म्हणतात. ती सरकारने घालून दिलेली नाही. एकट्याच्या बांधाला अर्थ नसतो म्हणून ती आहे. शेजाऱ्याच्या हद्दीत खांड पडली तरी तुमचंच भात खारावणार, आणि एकदा खारावलेली जमीन गोडी व्हायला पावसाळे जातात. कोण आलं नाही त्याची नोंद कुठल्या वहीत होत नाही. ती गावाच्या लक्षात राहते, तेवढं पुरतं.

खांड बुजते तेव्हा सर उघडलेली असते. तांदळाची भाकर आणि सुकट हातात येते. बांधावर बसा आणि पश्चिमेकडे बघा. पाण्यापलीकडे मुंबई. ढगांखाली पुसट उभ्या रेघा दिसतात त्या गिरण्यांच्या चिमण्या. शेजारचा म्हातारा तुमच्याआधीच तिकडे बघत बसलेला असतो. त्याला काय दिसतं आहे ते तुम्हाला उशिरा कळतं: चिमण्यांमधून धूर नाही.

एप्रिलपासून नाही. मुंबईच्या गिरण्या बंद आहेत आणि ऑक्टोबरपर्यंत बंदच राहणार आहेत. सहा महिन्यांचा संप. त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहते आहे, लाल बावट्याची. आत काम करणारे कोण? रत्नागिरीचे, कुलाब्याचे म्हणजे आजच्या रायगडचे, साताऱ्याचे. गावी जमीन खोताची, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या वतनदाराची, म्हणून मुंबईत नोकरी गिरणीतल्या साच्यावर. खोताने ज्याला शेतातून हुसकला तो मालकाच्या फाटकावर उभा राहिला. औद्योगिक क्रांतीचं पुस्तक इंग्लंडपासून सुरू होतं, तिथल्या सामायिक कुरणांना कुंपणं पडली आणि माणसं मँचेस्टरला गेली, असं. आमच्याकडे कुंपणाचं काम खोतीने केलं.

गिरणीने या माणसाला पगार दिला आणि एक नवी सवयही लावली: वेळ मोजण्याची. बांधावर वेळ भरती ठरवते. तिच्याशी भांडता येत नाही. गिरणीत वेळ भोंगा ठरवतो, आणि भोंगा माणूस वाजवतो. माणसाशी भांडता येतं. मला विचाराल तर मुंबईतलं कामगारांचं राजकारण या एवढ्या फरकातून सुरू झालं. फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज दिला, त्यात आठवड्याची सुट्टी मागितली होती. १० जून १८९० रोजी ती मिळाली. तुम्ही आज रविवारी उशिरापर्यंत झोपता त्यामागे ही भानगड आहे.

उठा. बांधाच्या कडेकडेने दक्षिणेला जायचं आहे.

चिरनेरच्या रानातून जाताना सप्टेंबर १९३० लागतो. तारीख २५. जंगलात लाकूड तोडायला बंदी आहे आणि लोक कोयते घेऊन अक्कादेवीच्या माळाकडे निघाले आहेत. इथे थांबू नका, थोड्या वेळात गोळीबार होणार आहे. आठ माणसं पडतील. त्यांची नावं पुढे हुतात्म्यांच्या यादीत वाचाल तेव्हा आडनावंही वाचा: त्यात आगरी आहेत, कोळी आहे, न्हावी आहे, कातकरी आहे. ज्या काळात हे लोक एका पंगतीला बसत नव्हते त्या काळात ते एका मोर्चात होते. रान हे कुणा एकाचं नाही, एवढं त्यांच्यात सामायिक होतं.

पुढे अलिबाग तालुका, चरी. साल १९३४, डिसेंबर. भाताची कापणी आटोपायला हवी, पण शेतं ओस पडलेली. गवत वाढलं आहे. ऑक्टोबर १९३३ मध्ये पंचवीस गावांच्या कुळांनी ठरवलं, की खोताची जमीन कसायचीच नाही. हा संप कारखान्यातला नाही, शेतातला. कामगाराने साचा बंद ठेवणं समजतं. मालकाचं नुकसान होतं, कामगाराचा पगार बुडतो. इथे नांगर बंद ठेवायचा म्हणजे स्वतःच्या पोटाचा दाणा बंद ठेवायचा. तरी तो संप १९३९ पर्यंत, जवळजवळ सहा वर्षं चालला. लोक रानातून लाकडं आणून विकतात, मासळी धरतात, मजुरीला जातात. नारायण नागू पाटील गावोगाव फिरतात. ही हत्यार उगारण्याची तऱ्हा यांना कुणी शिकवली? खाडीपलीकडच्या धूर नसलेल्या चिमण्यांनीही थोडी शिकवली असणार.

आज सभा आहे. मुंबईहून डॉ. आंबेडकर आले आहेत. गर्दीत खाली बसा. तुमच्या बाजूच्या बाईच्या पायांना भेगा पडल्या आहेत आणि त्यांत वाळलेला चिखल आहे. ती भाषणातला प्रत्येक शब्द ऐकते असं नाही, पण माना कुठे डोलतात ते बघते. इथे अस्पृश्यांचे पुढारी म्हणून ओळखले जाणारे बॅरिस्टर आगरी-मराठा कुळांच्या बाजूने उभे आहेत. १९३६ मध्ये ते जो पक्ष काढतात त्याच्या नावात जात नसते, नाव 'स्वतंत्र मजूर पक्ष' असतं. १९३७ मध्ये ते खोती रद्द करण्याचं विधेयक मांडतात. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून जातात आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गिरणी कामगार औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवस काम बंद ठेवतात. माणसं तीच, सुट्टीत शेतकरी आणि भोंगा वाजला की कामगार. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, जो पक्ष निघाला त्याने ही दोन्ही नावं एकत्र जोडून घेतली: शेतकरी कामगार पक्ष, शेकाप. कुलाबा जिल्ह्यात तो खटाऱ्याच्या चिन्हावर घराघरात गेला. आज हे नाव उच्चारताना तो जोडशब्द कुणाला खटकत नाही. कागदावर मार्क्स वाचून जे जोडायला इतर देशांत पोथ्यांचे ढीग लागले ते इथे एका कुटुंबात आयतं जोडलेलं होतं. थोरला गिरणीत, धाकटा बांधावर.

आता पुन्हा उत्तरेला, आपल्या गावी. १ एप्रिल १९५७. कूळकायद्यात या दिवसाला कृषक दिन म्हणतात. आजपासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं जाईल. प्रत्यक्षात काही एका दिवसात होत नाही. ३२-ग ची नोटीस येते, किंमत ठरते, हप्ते पडतात, आणि शेवटचा हप्ता फिटला की ३२-म चा दाखला मिळतो. एका घरात तुम्ही दिव्याच्या उजेडात बसलेले आहात. पत्र्याची ट्रंक उघडली आहे. दाखला कापडात गुंडाळून तळाशी ठेवला जातो, त्यावर लग्नातलं लुगडं. म्हातारा म्हणतो, "आता वावर आमचा." म्हातारी विचारते, "मंग काल कोनाचा व्हता?" कुणी उत्तर देत नाही. प्रश्न तिरकस आहे. बांध तर नेहमीच यांनी घातला.

त्या ट्रंकेकडे लक्ष ठेवा. तेरा वर्षांनी ती पुन्हा उघडायची आहे.

त्याआधी मुंबईत एक फेरी मारू. १९६५. मुंबई आता वर आणि उत्तरेला वाढून वाढून दमली आहे. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल, दोघे वास्तुरचनाकार आणि एक अभियंता, म्हणतात, की शहराला पूर्वेला जाऊ द्या, खाडीपलीकडे. 'मार्ग' या नियतकालिकात त्यांची योजना छापून येते. तुम्ही नकाशावर वाकून आपला बांध शोधता. तो सापडत नाही, नकाशाचं प्रमाण तेवढं मोठं नाही.

या योजनेचा मला नेहमी आदर वाटत आला आहे, आणि त्यामुळेच तिच्यातली गोम इथे नीट बघायला हवी. शहराला पैसा कुठून आणायचा? उत्तर देखणं होतं. जमीन आज स्वस्त आहे, सगळी सरकारने घ्यावी. पूल, रस्ते, पाणी आलं की तिची किंमत वाढेल. ती वाढ खासगी दलालांच्या खिशात न जाता शहराच्याच कामी यावी. या विचाराला मोठी वंशावळ आहे. अमेरिकेत हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये हेच विचारलं होतं, की जमिनीची किंमत समाजामुळे वाढते तर ती वाढ एकट्या मालकाची कशी? इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्डने १८९८ मध्ये त्यावर अख्खी उद्याननगरी बेतली. वाढ समाजाची. मान्य. पण कुठला समाज? जो वीस लाखांचा समाज अजून यायचा आहे तो, की बांधावर बसून भाकर खातो आहे तो?

हे शहर, नवी मुंबई, वसवायला १७ मार्च १९७० रोजी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ठाणे, पनवेल, उरण या तीन तालुक्यांतली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर. संपादनाची नोटीस निघाली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. इंग्रज गेले, कूळकायदा आला, खोत गेला, पण हा कायदा जागच्या जागी होता. गावात चावडीवर कागद चिकटवला आहे. तुम्हाला वाचता येतं हे कळल्यावर सगळे तुमच्याभोवती गोळा होतात. सर्व्हे नंबर वाचा. हळू वाचा. प्रत्येक आकड्याला कुणीतरी "माजा" म्हणतं. संध्याकाळी त्या घरात ट्रंक उघडते आणि ३२-म च्या दाखल्यावर संपादनाची नोटीस जाऊन पडते. दोन्ही कागदांवर सरकारी शिक्का.

सत्तरच्या दशकातून भरभर चला. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने आधीच आले आहेत. रात्री आकाश नारिंगी दिसतं आणि तुर्भ्याच्या वाऱ्याला औषधाचा वास येतो. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल सुरू होतो. गावातल्या पोरांना कारखान्यात नोकरी लागते, सगळ्यांना नाही. फाटकावर 'शिक्षण किती?' असं विचारतात. बांध कुठे फुटेल हे चंद्र बघून सांगणाऱ्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

पुढे याच पुलावरून दुसरी माणसं येताना दिसतील. पाठीवर पोतं, कमरेला आकडा. माथाडी. साताऱ्या-पुण्याकडचे. कांदा-बटाटा, मसाला, धान्य अशी मुंबईची घाऊक बाजारपेठ वाशी-तुर्भ्याला हलते तेव्हा तीही तिच्यामागून हलतात. त्यांचा पेच वेगळा होता. आज या गाळ्यावर, उद्या त्या; मग मालक कोण? ज्याला मालकच नाही त्याने संप कुणाविरुद्ध करायचा? अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमाली मंडळात जमा करायची, वर लेव्ही भरायची आणि मंडळाने पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी बघायचा. फोनवर गिऱ्हाईक शोधणाऱ्या आजच्या डिलिव्हरीवाल्या पोरांबद्दल मोठमोठ्या परिषदा भरतात, त्या भरवणाऱ्यांनी तुर्भ्याच्या बाजारात एक सकाळ काढावी असं मला फार वाटतं. प्रश्न तोच आहे आणि आकड्यावाल्यांनी त्याला अर्धशतकापूर्वी एक उत्तर काढलेलं आहे. ते उत्तर आज कसं गंजतं आहे हा निराळा विषय.

आता जानेवारी १९८४.

पौषातली थंडी आहे, पहाटे बांधावर दव. न्हावा-शेवा बंदरासाठी आणखी जमीन हवी आहे. जासईचे दिनकर बाळू पाटील, दि. बा., शेकापचे, वकील, पनवेलचे पाच वेळा आमदार, यांनी गावांना सांगितलं आहे की योग्य भाव ठरल्याशिवाय मोजणीचा खुंटा ठोकू द्यायचा नाही. तुम्ही जासईजवळ दास्तान फाट्यावर उभे आहात. तारीख १६. रस्ता माणसांनी भरला आहे, आणि तुमच्या लक्षात येतं की निम्म्याहून अधिक बायका आहेत का काय. भाकरी बांधून आल्या आहेत. १९२८ मध्ये पाटी तुमच्या डोक्यावर देणारी बाई असती तर ती आज आजी असती. तिच्या वयाच्या कितीतरी आहेत. घरटी माणूस आलाच पाहिजे, हा नियम कुणी पुन्हा सांगितलेला नाही.

पुढे पोलिसांची रांग. लाठ्या, मग अश्रुधूर. डोळ्यांना पदर लावून बायका बसून राहतात. मग गोळ्या. मी तुम्हाला इथे जास्त वेळ उभं करणार नाही. धुतूम गावचे दोघे जातात. दुसऱ्या दिवशी नवघरला पुन्हा गोळीबार होतो आणि पागोट्याचे तिघे. दोन दिवसांत पाच. त्यांच्या नावाने इथे दर जानेवारीला गाड्यांचे ताफे येतात, हार पडतात, भाषणं होतात. भाषणात जे येत नाही ते एवढंच, की त्या पाचांनी शहर नको असं म्हटलं नव्हतं. बंदर नको असंही नाही. जुन्या पुस्तकांत यंत्रं फोडणाऱ्या विणकरांची गोष्ट असते, ती इथे बसत नाही. हे लोक वेगळं काही म्हणत होते: शहर करा, पण त्यात आमचा वाटा ठेवा.

त्याच वर्षाच्या शेवटी लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट, काँग्रेसला चारशेच्या वर जागा. कुलाब्याने दि. बा. पाटलांना निवडून दिलं.

वाटा म्हणजे किती, हे ठरायला आणखी वर्षं गेली. १९९० मध्ये निर्णय निघाला आणि १९९४ मध्ये तो विस्तारला: संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ शेतकऱ्याला परत. चला, सिडकोच्या कार्यालयात रांगेत उभे राहू. बेलापूर, नव्वदचं दशक. पंखे फिरताहेत, वारा लागत नाही. तुमच्या पुढच्या माणसाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत तो कापडात गुंडाळलेला दाखला. त्याला हिशेब कळत नाही म्हणून तो तुम्हाला विचारतो. करून द्या. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के पाच गुंठे. त्यातले तीस टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले, म्हणजे दीड गुंठा गेला. उरले साडेतीन. म्हणजे खरे टक्के किती?

"पावनेनव," तो म्हणतो. हिशेब त्याला येत होता. तुम्हाला येतो का ते बघत होता.

साडेतीन गुंठ्यांना चार भाऊ. चौघांत घर उभं राहत नाही, पण बिल्डर उभा राहतो. त्रिपक्षीय करार होतो: सिडको, शेतकरी, बिल्डर. इमारत उठते, तिला कुणाच्यातरी आईचं नाव मिळतं, तळमजल्याला दोन गाळे आणि वर तीन फ्लॅट वाट्याला येतात. कुणी नीट सांभाळतो, कुणी गाडी घेतो, कुणी लग्नात उडवतो. यावरून 'आगऱ्यांना पैसा पचला नाही' असं म्हणणारी माणसं नवी मुंबईत पुष्कळ भेटतील. त्यांचा स्वतःचा फ्लॅट कुणाच्या चाळीस गुंठ्यांवर उभा आहे हे त्यांनी एकदा काढून बघावं, म्हणजे पचनाची चर्चा बरोबरीने करता येईल.

मात्र रांगेत कोण नाही तेही बघा. कोळी नाहीत फारसे. खाडीला सातबारा नसतो, त्यामुळे तिच्यातून गेलेल्या जिताड्याचे आणि चिंबोऱ्यांचे साडेबारा टक्के काढता येत नाहीत. मिठागरात राबणारे नाहीत. गावचा न्हावी, कुंभार नाही. त्याचा वाटा पिकात होता, जमिनीत नव्हता. बांधाच्या रांगेत ज्यांच्या डोक्यावर पाटी होती त्या बायका नाहीत, कारण सातबाऱ्यावर नाव बापाचं, मग भावाचं. जोळीने बांध घातला तेव्हा वाटा हाताला होता. साडेबारा टक्क्यांनी तो नावाला दिला. मोठी मजल होती, यात शंका नाही. देशाच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही शहरासाठी घेतलेल्या जमिनीतला वीस टक्के विकसित भाग मूळ मालकांसाठी राखायची तरतूद आली. ती उरणच्या चिखलातून थेट दिल्लीला गेली असं मी म्हणणार नाही. पण चिखलात ती आधी होती. आणि ज्या बंदरासाठी गोळ्या चालल्या तिथल्या शेतकऱ्यांच्या हाती साडेबारा टक्क्यांची इरादापत्रं पडली ती ऑगस्ट २०१४ मध्ये, तीस वर्षांनी.

आता परत या. बूट मिळाले तर घाला.

परतीच्या वाटेवर तरघरच्या बाजूला एक टेकडी होती, उलव्याची. ती कापली, उलवे नदी वळवली, दहा गावं उठवली आणि विमानतळ झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. या वेळी आकडा साडेबारा नव्हता, साडेबावीस होता. भाव करायला लोक शिकले होते. आणि पैशांखेरीज त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली होती. जून २०२१ मध्ये, कोविडच्या दिवसांत, हजारो माणसं हाताला हात धरून रस्त्यांच्या कडेने उभी राहिली, चोवीस तारखेला सिडकोला घेराव घातला. मागणी होती नावाची: विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव. बाहेरून आलेल्यांना हे भावनिक वाटलं. नावावरच वाटा ठरतो हे ज्यांनी रांगेत उभं राहून पाहिलं त्यांना तसं वाटलं नाही.

गावठाणाच्या कडेने चालत या. एकावर एक चढवलेले मजले, गॅलरीला गॅलरी लागलेली. सरकारी भाषेत यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. कुटुंब वाढलं, गावठाण वाढवून दिलं नाही, म्हणून लोकांनी बांधली. कागदावर ती बेकायदा. पन्नास वर्षांत शहर वसवणाऱ्यांना गावाची दुसरी पिढी जन्माला येईल हे सुचलं नव्हतं, त्याचा हा खर्च.

खारकोपरला पाचच्या सुमाराची गाडी मिळते. डब्यात बसा. समोर एक मुलगी आहे, चोविशीची असेल, मांडीवर जाड फाइल. फाइलीला नाडी आहे आणि ती नाडी ती पुन्हा पुन्हा सोडते, कागद चाळते, बांधते. एकदा कागद खाली घसरतो, तुम्ही उचलून देता. वारस नोंदीचा उतारा. चार मामांची नावं आहेत; पाचव्या ओळीवर पेन्सिलने खूण केली आहे आणि तिथे काही लिहिलेलं नाही.

"आईचं नाव लागायचंय," ती म्हणते. तुम्ही विचारलेलं नसतं.

बाहेर भरती सुरू झाली आहे, रुळांच्या खालच्या मोऱ्यांतून पाणी आत सरकताना दिसतं. ती खिडकीतून बघत नाही, घड्याळ बघते.

"सिडकोची ऑफिसं सहाला बंद होतात ना? आज फक्त आवक शिक्का मारून घ्यायचाय. पोचेन?"

गाडी बामणडोंगरीला थांबते, दोन माणसं चढतात, दारं मोकळी होतात. तुम्ही फोनवर वेळ बघता आणि तिला सांगता, की बेलापूरला उतरल्यावर पूल चढू नका, डावीकडून गेलात तर लवकर पडेल.